पोर्टल आहे, भागीदार आहेत, मग एकत्र नवं काही घडत का नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची कंपनी औद्योगिक पंप बनवते. मोटर एकाची, मोटरमधलं बेअरिंग दुसऱ्याचं, कंपनं मोजणारा सेन्सर तिसऱ्याचा, कंट्रोलर चौथ्याचा आणि बिघाडाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर एका छोट्या स्टार्टअपचं. या सगळ्यांनी मिळून ‘बिघडण्याआधी सांगणारा पंप’ काढावा म्हणून सव्वा वर्षापूर्वी एक डिजिटल प्लॅटफॉर्म घेतला. ४० कंपन्यांनी लॉगिन घेतलं, ड्रॉइंग आणि कोटेशन त्यावरून ये-जा करतात, पण एकत्र घडवलेलं एकही उत्पादन बाहेर आलेलं नाही. आता व्यवस्थापन विचारतंय, प्लॅटफॉर्म चुकीचा निवडला का?

बहुधा नाही. तुम्ही घेतलंय ते देवाणघेवाणीचं साधन, आणि ते आपलं काम चोख करतंय. त्यावर तयार झालेल्या गोष्टी येतात: मंजूर ड्रॉइंग, अंतिम दर, सही झालेली कागदपत्रं. एकत्र नवं घडवायचं तर अर्धवट गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. अजून चुका करणारं मॉडेल, पुढच्या महिन्यात बदलेल असं ड्रॉइंग, कधीकधी भलतंच वाचन देणारा सेन्सर. अशी गोष्ट परक्या कंपनीला दाखवायला कुणी सहज धजावत नाही, कारण मनात तीन शंका असतात. माझं ज्ञान समोरचा उचलेल का? त्याने उद्या काही बदललं तर माझं काम वाया जाईल का? आणि यातून पैसा आलाच तर माझ्या वाट्याला काय? या तीन शंका स्वस्तात मिटवून देतो तेवढाच प्लॅटफॉर्म एकत्रित नवनिर्मितीला उपयोगी. बाकी सगळे नुसते आकडे दाखवणारे डॅशबोर्ड.

पुढे जाण्याआधी, यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही बघा. दोनच कंपन्या असतील तर प्लॅटफॉर्मची गरजच नाही, एक सामायिक फोल्डर आणि पंधरवड्याची एक बैठक पुरते. ५ कंपन्यांमध्ये १० जोड्या होतात, ४० मध्ये ७८०. प्रत्येक जोडीचा वेगळा करार आणि वेगळी फाइलरचना अशक्य होते, तेव्हा सामायिक नियम स्वस्त पडतात. भागीदारांमध्ये दोघे एकमेकांचे स्पर्धक असतील तर हक्कांची व्यवस्था आधी आणि तंत्रज्ञान नंतर. आणि पंप १५-२० वर्षं एका जागी उभा राहतो, सॉफ्टवेअर दर दोन आठवड्यांनी बदलतं. दोघांच्या घड्याळांत इतका फरक असेल तर बदलांचे नियम जास्त कडक ठेवावे लागतात. फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाळ्यात ते इतके कडक लागत नाहीत.

आता तुमचाच पंप जवळून पाहू, कारण ‘इंटरफेस ठरवा’, म्हणजे घटकांच्या जोडणीचे नियम ठरवा, असं नुसतं म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही.

सेन्सरवाली कंपनी तिच्या सवयीप्रमाणे दर १० मिनिटांनी कंपनाचा एकच आकडा देते, मिलिमीटर प्रति सेकंदात. तो साधारण १० ते १००० हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी आवर्तनं) पट्ट्यातला सरासरी वेग असतो. यंत्र एकंदरीत ठीक आहे का, हे त्यावरून कळतं. पण बेअरिंगच्या बिघाडाची पहिली खूण त्याहून वरच्या वारंवारितेत, बारीक ठोक्यांच्या रूपात दिसते. ती या आकड्यात उमटते तोवर उशीर झालेला असतो. म्हणून स्टार्टअपला कच्चा वेव्हफॉर्म, म्हणजे कंपनाची क्षणाक्षणाची नोंद, हवी असते. सेकंदाला २५,६०० नमुने, एका नमुन्याला २ बाइट, १० सेकंदांचं रेकॉर्डिंग, तीन दिशा: एका वेळचे सुमारे दीड मेगाबाइट. तासाला एकदा घेतलं तर एका पंपाचे दिवसाला ३७ मेगाबाइट, २०० पंपांचे साडेसात गिगाबाइटच्या आसपास. हा डेटा कोणाच्या सिमकार्डवरून जाणार आणि साठवणुकीचं बिल कोण भरणार, हे ठरलेलं नसेल तर सेन्सर कंपनी मुकाट्याने पुन्हा १० मिनिटांच्या आकड्यावर जाते. कुणी नकार देत नाही, प्रकल्प फक्त मंदावतो.

मग वेळेचा घोळ. कंट्रोलर स्थानिक वेळ लिहितो, तीही आपल्या सरकत जाणाऱ्या घड्याळाची. सेन्सर जागतिक प्रमाणवेळ लिहितो. पंप बदलत्या वेगावर चालत असेल तर तीन मिनिटांच्या फरकाने कंपन एका वेगाचं आणि आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) भलत्याच क्षणाचे जुळवले जातात. मॉडेल त्यावर काहीतरी शिकतं आणि ते शिकलेलं निरुपयोगी असतं.

सगळ्यांत नमुनेदार अडचण बेअरिंगची. बेअरिंगचा क्रमांक तोच असला की बाहेरची मापं तीच असतात, कारण ती प्रमाणित आहेत. आतली रचना प्रमाणित नाही. एका उत्पादकाच्या बेअरिंगमध्ये ८ गोळ्या असतील, त्याच क्रमांकाच्या दुसऱ्याच्या बेअरिंगमध्ये ७. शाफ्ट १५०० आरपीएमने, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्यांनी फिरत असेल तर बाहेरच्या कड्यावरच्या दोषाचे ते बारीक ठोके सेकंदाला किती वेळा पडतात, ती वारंवारिता ढोबळमानाने गोळ्यांची संख्या गुणिले २५ गुणिले ०.४ येते. ८ गोळ्यांना ८० हर्ट्झ, ७ गोळ्यांना ७०. मोटर कंपनीने पुरवठा अडला म्हणून ‘समकक्ष’ बेअरिंग बसवलं, तर तिच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. खरेदी विभागाच्या दृष्टीनेही नाही. पण स्टार्टअपचं मॉडेल ८० वर कान लावून बसलंय आणि दोष ७० वर बोलतोय.

गुंतागुंतीच्या व्यवसायजाळ्याचं दुखणं नेमकं हेच: ज्या बदलाने चौथ्याचं काम मोडतं, तो बदल पहिल्याला बदल वाटतच नाही. प्लॅटफॉर्मने इथे करायचं काम साधं आहे. प्रत्येक पंपाच्या क्रमांकामागे घटकांची खरी यादी ठेवायची, म्हणजे बेअरिंगचा उत्पादक आणि आवृत्तीसुद्धा. त्या यादीतल्या कोणत्या ओळीवर कोण अवलंबून आहे याची नोंद त्या-त्या भागीदारानेच करायची. ओळ बदलली की नोंद केलेल्यांना आपोआप सूचना जाते. ही नोंद मध्यवर्ती माणसाने करू नये, कारण स्टार्टअपला गोळ्यांची संख्या लागते हे तुमच्या खरेदी विभागाला सुचणार नाही.

डेटाचा शब्दकोश शून्यापासून लिहू नका. ओपीसी यूए या औद्योगिक मानकात पंप आणि व्हॅक्यूम पंपांसाठी तयार माहितीरचना आहे. ती घ्या, त्यातली लागतील ती २०-२५ क्षेत्रं निवडा आणि प्रत्येकापुढे एकक, नमुना-दर, वेळेचं मूळ आणि ‘वाचन मिळालं नाही तर काय लिहायचं’ एवढं भरा. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. मग एकजण शून्य लिहितो, दुसरा रिकामं ठेवतो, तिसरा मागचंच वाचन पुन्हा पाठवतो, आणि बंद पडलेला सेन्सर अत्यंत शांत पंप म्हणून गणला जातो.

ही झाली दुसऱ्या शंकेची, म्हणजे बदलांची सोय. आता पहिली शंका, ज्ञान उचललं जाण्याची. इथे एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) फार भिस्त ठेवू नका. एनडीए भांडण झाल्यावर कामाला येतो, तुम्हाला हवंय ते भांडण होणारच नाही अशी मांडणी. दोन जुन्या-जाणत्या युक्त्या आहेत.

एक, मॉडेल द्या, पण उघडं नाही. यंत्र अभियांत्रिकीत यासाठी एफएमआय नावाचं खुलं मानक आहे. पहिली आवृत्ती २०१० ची, तिसरी २०२२ ची. मोटर कंपनी आपल्या मोटरचं गणिती मॉडेल एका झिप फाइलमध्ये बांधून देते. आत एक एक्सएमएल फाइल असते, जिच्यात फक्त बाहेरून दिसणारी चलं लिहिलेली असतात (व्होल्टेज आत, टॉर्क आणि वेग बाहेर), आणि सोबत कंपाइल केलेला, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदललेला कोड, जो वाचून सूत्रं सहज कळत नाहीत. तुमचे अभियंते ती फाइल आपल्या पंपाच्या मॉडेलला जोडून दोन्ही एकत्र चालवू शकतात. खरी मोटर यायच्या कितीतरी आधी ‘अचानक व्हॉल्व्ह बंद झाला तर काय’ हे पाहता येतं. एकत्रित नवनिर्मितीसाठी प्लॅटफॉर्मवर एकच सोय ठेवता येणार असेल तर मी अशा बंद मॉडेलांचं, आवृत्तीसकट ठेवलेलं भांडार मागेन. त्याने चूक करून पाहणं स्वस्त होतं, आणि बाकीच्या चर्चा त्यामुळेच सुरू होतात.

दोन, डेटा हलवू नका, शिकणं हलवा. औषधनिर्मितीत २०१९ ते २०२२ या काळात मेलोडी नावाचा युरोपीय प्रकल्प झाला. १० औषध कंपन्या, सगळ्या एकमेकींच्या स्पर्धक. रेणूंच्या चाचण्यांचा डेटा प्रत्येकीच्या स्वतःच्या व्यवस्थेतच राहिला. मॉडेलचा सामायिक भाग सगळ्यांच्या डेटावर मिळून शिकला आणि शेवटचा, आपापल्या चाचण्यांशी जोडलेला भाग प्रत्येकीने खाजगी ठेवला. तुमच्या दोन मोठ्या ग्राहकांना आपल्या कारखान्यातली कंपनं बाहेर पाठवायची नसतील तर हा मार्ग आहे. त्यांची भीती अवाजवी नाही बरं का. पंपाच्या वेगावरून कारखान्याचं उत्पादन किती चाललंय याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. मात्र ही व्यवस्था उभारायला तयार माणसं लागतात, पाच-सहा पंपांच्या प्रयोगाला ती जड पडेल. तिथे डेटाची कापलेली, ओळख पुसलेली प्रत पुरते.

वाहन उद्योगातलं कॅटेना-एक्स जाळं तिसऱ्या वाटेने जातं. डेटा मालकाकडेच असतो, दोन्ही बाजूंना एकेक कनेक्टर (डेटा देणारं-घेणारं सॉफ्टवेअर) असतो, आणि डेटा जाण्याआधी वापराच्या अटी यंत्रांमध्येच मान्य होतात. कल्पना चांगली आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवा की एकदा डेटा समोर पोचल्यावर ती अट पाळली जाते ती मुख्यतः करारामुळे. विक्रेता उलट सांगत असेल तर नेमकं कसं, हे त्याला विचारा.

हक्कांबद्दल मी एक पानी सनद आग्रहाने करून घेतो, कामाच्या पहिल्या आठवड्यात, वकिलांची ६० पानं येण्याआधी. त्यात चार ओळी पुरतात. प्रत्येकाने आधीपासून आणलेलं ज्ञान त्याचंच, इतरांना ते फक्त या प्रयोगापुरतं वापरता येईल. एखाद्या घटकाच्या आतली नवी सुधारणा तो घटक बनवणाऱ्याची. दोन घटकांच्या जोडणीत जे ठरेल ते सगळ्या सहभागींना खुलं. पंपाचा कच्चा डेटा ग्राहकाचा, इतरांना तो परवानगीने. ‘सगळ्यांच्या मालकीचं पेटंट’ ऐकायला गोड लागतं, पण ते टाळा. अमेरिकेत सहमालक इतरांना न विचारता परवाना देऊ शकतो, ब्रिटनमध्ये इतरांची संमती लागते. कंपन्या वेगवेगळ्या देशांतल्या असतील तर एकाच कागदाचे दोन अर्थ निघतात. शिवाय युरोपीय संघात विकत असाल तर तिथला डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, आणि जोडलेल्या यंत्राचा डेटा मिळण्याचा हक्क तो वापरकर्त्याला देतो. चौथी ओळ तिथे ऐच्छिक राहत नाही.

स्पर्धक एकत्र असतील तर दर, उत्पादनक्षमता आणि कोणत्या ग्राहकाला किती माल जातो या गोष्टी सामायिक जागेत येता कामा नयेत. कुणाचा हेतू वाईट नसतानाही एखाद्या एक्सेलच्या तिसऱ्या शीटमध्ये त्या येतात. फाइल चढवतानाच रकान्यांची तपासणी लावा.

तिसरी शंका, पैसा आणि सत्ता. मेर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीसाठी ट्रेडलेन्स नावाचं डिजिटल व्यासपीठ आणलं. तंत्रज्ञान चालत होतं, मोठ्या स्पर्धक जहाज कंपन्याही पुढे सामील झाल्या. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही हे कारण खुद्द मेर्स्कनेच सांगितलं. माझ्या मते यातून घ्यायचं ते असं की प्लॅटफॉर्मचा मालक स्वतःच खेळाडू असेल तर इतर येतात, पण दाराशीच उभे राहतात. तुम्ही पंपवाले आणि प्लॅटफॉर्मही तुमचाच, तेव्हा हाच पेच तुमच्यापुढे आहे. लगेच वेगळी संस्था काढायची गरज नाही. जोडणीचे नियम बदलण्याचा अधिकार मात्र एकट्याकडे ठेवू नका. वाहन उद्योगात २००३ पासून चाललेल्या ऑटोसार भागीदारीचं सूत्र या बाबतीत सरळ आहे: मानकांवर सहकार्य, अंमलबजावणीत स्पर्धा. सेन्सर कंपनीला माहीत हवं की डेटाची रचना सगळ्यांची असली तरी उत्तम सेन्सर बनवून पैसा तिनेच कमवायचाय.

नियम अचानक बदलले तर काय होतं, हे रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२३ मध्ये दाखवलं. एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला रेडिटशी जोडून देणाऱ्या सोयीचे, नवे दर आले आणि रेडिट वाचण्यासाठीचं अपोलो हे लोकप्रिय अ‍ॅप ३० जून २०२३ ला बंद झालं. दर योग्य होते की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवा. त्यावर उभे असलेल्यांना सावरायला मिळालेला वेळ महिन्यांत मोजण्याइतकाही नव्हता. तुमच्या सनदेत लिहा: सॉफ्टवेअरच्या जोडणीत मोडतोड करणारा बदल किमान ६ महिने आधी कळवायचा, हार्डवेअरचा १२ महिने, आणि मधल्या काळात दोन्ही आवृत्त्या चालू ठेवायच्या.

पैशात सगळ्यांत दुर्लक्षित माणूस म्हणजे दुरुस्ती करणारा. मॉडेलने ‘बेअरिंग जाणार’ म्हटलं, पंप उघडला, आत काय निघालं? हे उत्तर नसेल तर मॉडेल कधीच सुधारत नाही. ते उत्तर वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाकडे असतं आणि तुमच्या ४० लॉगिनमध्ये तो नसतो. त्याला १८ रकान्यांचा फॉर्म देऊ नका. पंपाचा क्रमांक स्कॅन, बेअरिंगचे दोन फोटो, तीन पर्यायांतला एक: दोष सापडला, सापडला नाही, दुसरंच काही निघालं. आणि प्रत्येक नोंदीचे वर्कशॉपला पैसे द्या. साठवणुकीच्या खर्चापेक्षा हा खर्च मला जास्त मोलाचा वाटतो.

सुरुवात कशी कराल? ४० कंपन्यांना विसरा, ५ घ्या, सहावं वर्कशॉप. एकच प्रश्न निवडा, उदाहरणार्थ ‘बेअरिंग बदलण्याची वेळ किमान तीन आठवडे आधी सांगता येते का?’ पहिल्या दोन आठवड्यांत सनद आणि डेटाचा शब्दकोश. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात ६ ते ८ पंपांचा रेकॉर्ड केलेला डेटा सँडबॉक्समध्ये, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राला हात न लावता सगळ्यांना खेळता येईल अशा जागी. शक्य असेल तर त्यात मुद्दाम खराब बेअरिंग बसवून चाचणीमंचावर घेतलेलं रेकॉर्डिंगही हवं, कारण चांगल्या स्थितीतले ८ पंप तीन महिन्यांत बिघडून दाखवतील याची खात्री नसते. सहाव्या आठवड्यापासून प्रत्यक्ष जोडणी. बाराव्या आठवड्याला थांबायचं की पुढे जायचं हे आधीच लिहून ठेवलेल्या निकषावर ठरवा. निकष लिहिलेला नसला तर असा प्रयोग कधी मरत नाही, नुसता बैठकांमध्ये जगत राहतो.

मोजायचं काय? लॉगिन आणि चढवलेल्या फाइली मोजणं बंद करा. कल्पना सुचल्यापासून पहिल्या एकत्र चाचणीपर्यंत किती दिवस गेले ते पाहा. बदलांपैकी किती आधी कळले आणि किती काहीतरी मोडल्यावर कळले. इशाऱ्यांपैकी कितींना वर्कशॉपचं उत्तर जोडलं गेलं. आणि सगळ्यांत बोलका आकडा: तुम्ही सोडून इतर कुणी सुचवलेले प्रयोग किती. वर्षभरात तो शून्य राहिला तर तुमच्याकडे आहे ते पुरवठादार पोर्टल, आणि त्याला त्याच नावाने चालू ठेवायला हरकत नाही. ड्रॉइंग आणि कोटेशनसाठी ते लागतंच. सँडबॉक्स त्याच्या शेजारी वेगळा उभा करा, त्यात कोंबू नका. दोन्हीकडच्या परवानग्यांचा विचारच वेगळा असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की मोटर कंपनी मोठी आहे, आम्ही तिचे लहान ग्राहक, ती बेअरिंगच्या बदलाची सूचना द्यायला तयार नाही. असं होतं, आणि त्यावर प्लॅटफॉर्मचा इलाज नाही. मग ती माहिती तुमच्या दाराशी मिळवा. माल आल्यावर मोटरच्या नामफलकाचा आणि अनुक्रमांकाचा फोटो घ्या. बेअरिंगचा उत्पादक बाहेरून दिसत नसेल तर प्रत्येक नव्या तुकडीतली एक मोटर उघडून खात्री करा आणि ती ओळ स्वतःच यादीत भरा. स्टार्टअपला सांगा की गोळ्यांची संख्या मॉडेलमध्ये कायमची कोरून न ठेवता पंपाच्या क्रमांकावरून वाचायची, आणि ती उपलब्ध नसेल तर ७ आणि ८ दोन्ही गृहीत धरून शोध घ्यायचा. खोटे इशारे थोडे वाढतील. वर्कशॉपच्या नोंदी येऊ लागल्या की त्यातले कोणते खोटे, तेही समजेल.